सुमन, फिटचा मागचा अर्धा भाग माझ्याकडे राहिला

सुमन,

तू गेल्यापासून घरात माणसं येतायत आणि चपला काढायच्या आधी विचारतायत, "फिट आली होती का?" काही जण विचारतही नाहीत, सांगूनच टाकतात, "फिटनंच नेलं शेवटी." विहारातल्या बाया, तुझ्या माहेरची माणसं, रेल्वे फाटकाजवळची केळीवाली, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. मी प्रत्येकाला सांगते, फिट नव्हती, हार्ट होतं. ते मान हलवतात आणि जिन्यात गेल्यावर एकमेकांना म्हणतात, म्हातारीला धक्का बसलाय. परवा तुझ्या मावसबहिणीला मी म्हटलं, "तुला फिटच पाहिजे असेल तर घरी घेऊन जा. आमच्या सुमनच्या नावावर लावू नको." ती चहा न पिता गेली. मग तिचा चहा मीच प्यायले, साखर घातली होती, वाया कशाला घालवायचा.

जलदानाच्या विधीला नितीन बोलला. बरा बोलला. आई कष्टाळू होती म्हणाला, ते खरं आहे. आई सोशिक होती म्हणाला, तेव्हा मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं. तू आणि सोशिक! नळावर तुझी कळशी कुणी मागं सरकवली तर तू त्याची सात पिढ्यांची ओळख काढायचीस. पण मेलेल्या माणसाला सगळेच सोशिक म्हणतात. मला बोल म्हणाले, मी नाही म्हटलं. मला जे बोलायचं आहे ते चार माणसांत बोलायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं, म्हणून लिहिते. डॉक्टरीण बाईंकडे फिटवाल्यांच्या घरच्यांची बैठक असते, ते लोक अंक काढतात, त्यात छापू का म्हणून नितीनच्या बायकोनं विचारलं. छाप म्हटलं. तुला माणसांनी बघितल्याची लाज कधी वाटली नाही. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा.

त्याच गोष्टीसाठी लिहायला बसले आहे. तुझा एक प्रश्न माझ्याकडे पडून आहे. "बाई, मला फिट येते तेव्हा मी कशी दिसते?" तू किती वेळा विचारलंस आणि मी सांगितलं नाही. एकदा तर त्यावरून आपला अबोला झाला. मी तेव्हा नाही सांगितलं. आता सांगणार आहे. पण आधीपासून सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना कळणार नाही.

तू लग्न होऊन दापोडीत आलीस तेव्हा आपल्याला दोन खोल्या होत्या, मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडे मी थोरली जाऊ, तुझी "बाई", पलीकडे तू धाकटी. नवरे दोघेही कंपनीत. तुझ्या आईनं लग्नात काही सांगितलं नव्हतं. "पोरीला पित्ताचा त्रास आहे" एवढंच म्हणाली होती. आता वाटतं, ती खोटं बोलली नव्हती. तिलाही तेवढंच माहीत होतं.

पहिली फिट आपण नळावर पाहिली. आपण म्हणजे आम्ही, तू कुठं पाहिलीस. तू ताठ झालीस, पडलीस, सगळं अंग झटके द्यायला लागलं, तोंडाला फेस. गल्ली गोळा झाली. सासूबाईंनी घरातले देव कधीच नदीत सोडले होते, त्यामुळे देवऋषी आणा असं कुणी म्हणाल्याबरोबर त्या अंगावर गेल्या. पण चप्पल हुंगवायला त्यांची हरकत नव्हती. एकीनं कांदा फोडून आणला. हातात लोखंड द्या म्हणाले, तर माझ्या दिरानं कंपनीतून आणलेला पाना तुझ्या मुठीत कोंबला. पुढच्याच झटक्याला तो उडाला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर बसला. त्या दिवशी तू उठून चहा करायला लागलीस आणि मी लंगडत होते. तू विचारलंस, "बाई, तुमच्या पायाला काय झालं?" सगळी गल्ली हसली. तू पण हसलीस, कशाला हसतात ते न कळता.

तेव्हा मला वाईट वाटलं. म्हणजे, पाय दुखत होता म्हणून राग आला होता, आणि त्याच्यात थोडं वाईटही वाटलं.

मग आपण घरी कामं घ्यायला लागलो. वर्कशॉपमधून रबराचे वॉशर पोत्यानं यायचे. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेला जादा रबराची झालर असते, ती लहान कात्रीनं गोल कातरायची. तू माझ्यापेक्षा भरभर कातरायचीस. एकदम सफाईनं. आणि मधेच कधीतरी तुझ्या ढिगात असे नग निघायचे की झालर तशीच आणि वॉशरच कापलेला, तुकडे तुकडे. माल न्यायला शिंदे यायचा, तो म्हणायचा, "वहिनी, आम्ही वॉशर मागितले होते, तुम्ही कोथिंबीर चिरून दिलीत." तू म्हणायचीस, "मी नाही कापले." मी म्हणायचे, "मग काय उंदरांनी कापले?"

मी तुझ्यासमोर बसलेली असायचे, मी बघायचे ना. तू कातरता कातरता थांबायचीस. थांबायचीस म्हणजे हात चालूच, पण नजर भिंतीवर. हाक मारली तर ओ नाही. जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखे ओठ हलायचे. थोड्या वेळानं परत कामाला लागायचीस, जसं काही झालंच नाही. आम्ही त्याला तुझी तंद्री म्हणायचो. मला वाटायचं, ही रागावली की अशी करते. वाटणारच. कुणालाही वाटलं असतं. सासूबाई म्हणायच्या, "घुमी हाय. तिच्या आईच्या वळणावर गेलीय."

अशी तीन नावं झाली. पोटात ढवळलं की पित्त. गप्प बसलीस की तंद्री. पडलीस की फिट. पित्ताला सोडा, तंद्रीला माझ्या शिव्या, फिटला गल्लीतल्या डॉक्टरची गोळी. तीही तू आठवेल तेव्हा घ्यायचीस. बरीच वर्षं अशी गेली. दीर गेले, आमचे हे गेले, सासूबाई गेल्या. नितीन शिकला, चाकणला कंपनीत लागला, लग्न केलं, रहाटणीला फ्लॅट घेतला. तुला न्यायला आला तेव्हा तू म्हणालीस, "तिथं दिवसभर दारं बंद. मी पडले तर बघायला कोण आहे, लिफ्ट?" तू भिंतीपलीकडेच राहिलीस.

नितीनच्या लाइनवर एका पोराला फिट यायच्या, तो आकुर्डीच्या पुढं एका डॉक्टरीण बाईंकडे जायचा. नितीननं हट्ट धरला. तू म्हणालीस, "मला काय झालंय? महिन्याकाठी एखादी फिट. बायकांना याच्यापेक्षा जास्त डोकेदुखी असते." शेवटी मी म्हटलं, मला गुडघा दाखवायचाय, सोबत चल. तिथं गेल्यावर पाटी वाचून तू माझ्याकडे बघितलंस, "गुडघा डोक्यात असतो होय तुमचा?" पण बसलीस.

बाहेर बाकावर एक मुलगी होती, तिची आई सांगत होती की सकाळी हिच्या हातातून कप उडतो, कुणी फेकल्यासारखा. दुसरीकडे एक लहान पोर होतं, ते शाळेत वाचता वाचता क्षणभर कोरं होतं, बाई ओरडतात, आणि पुन्हा तिथूनच वाचायला लागतं. आणखी एकाची मानच एकदम खाली पडायची, कपाळावर खोका होत्या. तू माझ्या कानात म्हणालीस, "ह्यांना कुठं फिट येते? हे तर बरे आहेत." आपल्याला फिट म्हणजे नळावरची. दुसरी माहीत नव्हती.

डॉक्टरीण बाईंनी तुला विचारलं, "फिट यायच्या आधी काय होतं?"

"काही नाही. एकदम अंधार."

"अंधाराच्या आधी?"

"आधी काय, पित्त होतं."

त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "पित्त म्हणजे नेमकं काय होतं, सांगा बरं."

"पोटातनं काहीतरी वर चढतं. इथपर्यंत." तू गळ्यावर हात ठेवलास. "जत्रेतल्या पाळण्यातनं खाली येताना होतं तसं. आणि भीती वाटते. कशाची ते कळत नाही. मग मी सोडा पिते."

"सोड्यानं जातं?"

"कधी जातं. कधी फिट येते."

मग त्यांनी आपल्याला समजावलं. मला जेवढं कळलं ते असं. फिट म्हणजे मेंदूतली वीज एकदम उसळते. डॉक्टर पहिलं विचारतात की सुरुवात कुठून. मेंदूच्या एका जागेवरून सुरू झाली, की दोन्ही बाजूंनी एकदम? काहींची सुरुवात कळतच नाही, तो आणखी एक वेगळा खण. एका जागेवरून असेल तर पुढं विचारतात, माणसाला त्या वेळी भान असतं का हरपतं? आणि मग, सुरुवातीला काय दिसतं? अंग ताठतं, झटके येतात, हात चाळा करतो, की काहीच हलत नाही, नुसती भीती वाटते, वास येतो, पोटात चढतं? बाहेरची ती कपवाली मुलगी, ते कोरं होणारं पोर, मान टाकणारा, नळावर पडणारी तू, सगळ्यांच्या फिट वेगवेगळ्या. नाव लावायचं ते गोळीसाठी, म्हणाल्या. एका जातीला जी गोळी चालते ती दुसरीला वाढवते.

"आणि तुमच्या तीन नाहीत," त्या तुला म्हणाल्या. "एकच आहे. एका जागेवरून सुरू होते, तेव्हा तुम्हाला भान असतं, ते तुमचं पित्त. तिथंच थांबली तर बरं. पुढं पसरली की भान जातं, ती तुमची तंद्री. आणखी पसरली, दोन्हीकडे गेली, की तुम्ही पडता."

तू बोटांवर तीन मोजलंस. मग म्हणालीस, "म्हणजे इतकी वर्षं मी फिटला सोडा पाजत होते?"

डॉक्टरीण बाई हसल्या. मी पण हसले. तू नाही हसलीस. मला आठवतं, तू मांडीवरच्या पिशवीचा बंद ओढत होतीस आणि तुझ्या आईचं नाव घेतलंस. "तिलाही कुणी सांगितलं नसेल," म्हणालीस.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "सुरुवात यांना ठाऊक. पुढचं यांना कधीच कळणार नाही, ते तुम्हाला ठाऊक. अर्धी फिट त्यांच्याकडे, अर्धी तुमच्याकडे. दोन्ही मिळाल्याशिवाय मला नाव लावता येणार नाही. तुम्ही काय पाहिलंत?"

मी म्हटलं, "हिला बाहेर बसवा."

"त्यांच्यासमोर सांगितलं तरी चालेल."

"मला चालत नाही."

तुझं तोंड बघण्यासारखं झालं. पण उठलीस. बाहेर जाताना दार मुद्दाम उघडं ठेवलंस, आणि मी उठून लावलं.

भांडण तिथं सुरू झालं. बसमध्ये तू म्हणालीस, "मी माझं सगळं सांगितलं. भीती वाटते हेसुद्धा सांगितलं, जे नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. आता तुम्ही तुमचं सांगा." मी खिडकीबाहेर बघत राहिले. "चांगलं दिसत नाही, एवढं पुरे," म्हटलं. तू म्हणालीस, "चांगलं दिसायला मी काय लग्नाला उभी आहे?" कंडक्टरसुद्धा हसला.

डॉक्टरीण बाईंनी आणखी एक काम सांगितलं होतं. जमलं तर फिटचं मोबाईलवर शूटिंग करा. आधी कुशीवर करायचं, जवळची धारदार वस्तू उचलायची, तोंडात काही घालायचं नाही, हातात काही द्यायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. हे सगळं करून मग शूटिंग. नितीननं मला बटण दाखवून ठेवलं. एका दुपारी वॉशर कातरताना तू "आलं" म्हणालीस. आपण तेव्हापासून पित्त म्हणणं सोडून दिलं होतं. मी कात्री काढून घेतली, तुला आडवी केली, आणि मोबाईल धरला. एक डोळा तुझ्यावर, एक घड्याळावर, त्यामुळे अर्धं शूटिंग फरशीचं आलं. जेवढं आलं तेवढं बाईंना पुरलं. त्या म्हणाल्या, "बघा, उजवा हात चाळा करतोय आणि डावा आखडलाय. म्हणजे सुरुवात मेंदूच्या उजव्या बाजूनं, डावा हात तिच्याच ताब्यात असतो." मी इतकी वर्षं तुझ्यासमोर बसत होते आणि डाव्या हाताकडे कधी पाहिलं नव्हतं. काय बघायचं ते कुणी सांगितल्यावर दिसतं.

बाईंचं बघून झालं, आणि मी जिन्यात नितीनला ते पुसायला लावलं. तू मागून आलीस.

"मला दाखवा."

"पुसलं."

"कुणाला विचारून?"

"मोबाईल माझा."

"चेहरा माझा!" तू एवढ्या मोठ्यानं ओरडलीस की वॉचमन उठून उभा राहिला. "अख्ख्या दापोडीनं मला पाहिलंय. ती केळीवाली पाहते, शाळेतली पोरं पाहतात, माझ्या पोरानं लहानपणी पाहिलं. मी सोडून सगळ्यांनी. माझं असं काय आहे की सगळ्यांना माहीत आणि मला नाही?"

नितीन म्हणाला, "मोठी आई, दाखवायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "तू गाडी काढ."

त्यानंतर तू माझ्याशी बोलणं बंद केलंस. नितीन आला की त्याला सांगायचीस, "तुझ्या मोठ्या आईला सांग, पाणी आलंय." मी इकडून ऐकायचे, भिंत काय जाड नव्हती. मग पोतं आलं. एवढं मोठं पोतं एकटीनं उपसत नाही, आणि शिंद्याला नाही म्हणायला तू काही तयार नव्हतीस. तू येऊन बसलीस, कात्री घेतलीस आणि म्हणालीस, "झालर जाड आहे ह्या वेळची." म्हणजे अबोला संपला. पण भांडण संपलं नव्हतं. तू परत कधी विचारलं नाहीस. ते तुझं न विचारणं मला चांगलंच ऐकू यायचं.

शूटिंगचं मी आजही तेच म्हणते. परत वेळ आली तर परत पुसायला लावेन. त्यात एक बाई फरशीवर पडलेली होती आणि मोबाईल तिच्याकडे बघत होता. मोबाईलला तू कोण आहेस ते ठाऊक नव्हतं. तुला तुझी फिट बघायची होती तर ती मोबाईलकडून नको होती. पण मग माझ्याकडून तरी मिळायला हवी होती, हे तू म्हणशील. म्हण.

नवी गोळी लागू पडली. नळावरची फिट बंद झाली. तंद्रीही गेली, शिंद्याची कोथिंबीर बंद झाली. राहिलं फक्त पुढचं टोक. कधीतरी तू हातातलं ठेवून म्हणायचीस, "बाई, आलं." मी म्हणायचे, "थांब, जाईल." आपण दोघी बसून राहायचो आणि थोड्या वेळानं तू म्हणायचीस, "गेलं." मग पुढचं काम. हे दोन शब्द आपल्याला पुरायला लागले.

आणि म्हणूनच त्या सकाळी घोटाळा झाला.

तू माझ्याकडे गवार मोडायला बसली होतीस. नितीन रविवारी येणार होता, त्याला गवार आवडते. तू म्हणालीस, "बाई, आलं."

"कुठपर्यंत?"

"इथं." छातीच्या खाली हात ठेवलास.

मी शेंगांचं ताट बाजूला केलं, विळी उचलून ओट्यावर ठेवली. तुला कुशीवर निजवलं. घड्याळाकडे बघितलं. सगळं शिकवल्यासारखं केलं. "थांब, जाईल," म्हटलं. आपण दोघी थांबलो. तुला घाम आला. तू म्हणालीस, "ह्या वेळी लांबतंय." मी म्हटलं, "गोळी चुकवलीस का?" तू चिडलीस, "न्हाई वो बाई, घेतली." चिडलीस की तुझं गावाकडचं यायचं. आपण पुढच्या तंद्रीची वाट बघत होतो, ती येईना. मी म्हटलं, बरं आहे, पसरत नाहीये. मग तू म्हणालीस, "पाठीत पण आलंय. हातात पण."

पाठीत कधी येत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी नितीनला फोन लावला. तो पहिल्या पाळीला चाकणला, त्यांचे मोबाईल आत नेऊ देत नाहीत. मग शेजारच्या रिक्षावाल्याला उठवलं. दवाखान्यात नेईपर्यंत तू बोलत होतीस. त्यानंतर नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरला मी विचारलं, आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, "आजी, सांगता येत नाही." तो खोटं बोलला नाही म्हणून मला बरं वाटलं. आपल्याला एक दुखणं नीट शिकवलं होतं, म्हणून दुसरं आलं तेव्हा तेही पहिलंच वाटलं. मी एकटीच तसं समजले असते तर आयुष्यभर डोकं आपटून घेतलं असतं. पण "आलं" तू म्हणालीस. दोघींनी मिळून चुकीचं नाव लावलं. ह्यात मी तुला सोडणार नाही, आणि तूही मला सोडू नकोस.

आता तुझा प्रश्न.

फिट येते तेव्हा तू वाईट दिसत नाहीस. हे पहिलं. मी बसमध्ये म्हटलं ते खोटं होतं. फेस वगैरे नळावरच्या वेळचं, ते सगळ्यांचंच तसं असतं. मधली जी असते, ज्यात भान जातं, ती मी सगळ्यात जास्त पाहिली. तुझे डोळे मोठे होतात आणि थांबतात. ओठ हलतात, जसं तू भाजीचं मीठ बघताना करतेस तसे. डावा हात आखडून पोटाशी जातो. आणि उजवा हात गाऊनची कड पकडतो आणि चुण्या घालायला लागतो. एक, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी. अगदी एकसारख्या. साडीच्या निऱ्या घालतेस तशा. तू साडी नेसणं कधीच सोडलंस, पण हात विसरला नव्हता. एवढ्या सुंदर निऱ्या शुद्धीत असताना तुला कधी जमल्या नाहीत, हे खरं सांगते. कात्री हातात असायची तेव्हा मात्र हात कातरायचाच.

मी सांगत नव्हते ते ह्यासाठी नाही. चुण्यांनंतर तू माझ्याकडे बघायचीस. सरळ माझ्याकडे. आणि तुला मी माहीत नसायचे. बसमध्ये समोर बसलेल्या बाईकडे बघावं तसं बघायचीस. मी "सुमन" म्हटलं, हात धरला, तर हात काढून घ्यायचीस, जोरानं नाही, परक्यानं धरल्यावर काढतो तसा. इतक्या वर्षांची मी, भिंतीला भिंत, आणि दर वेळी तुझ्या नजरेत मी कुणीच नाही. डॉक्टरीण बाईंना हे सांगितलं, त्या म्हणाल्या, तो मेंदूचा भाग तेवढा वेळ बंद असतो. मला ते समजलं. समजलं तरी मला ते आवडायचं नाही. ते मला तुला सांगायचं नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून नाही. मला वाईट वाटतं हे तुला कळेल म्हणून.

आणि आता लिहिताना ध्यानात येतंय. त्या सकाळी तू सगळा वेळ मला ओळखत होतीस. रिक्षात माझा हात तू धरला होतास, मी नव्हता धरला. माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाई, तुमचा पदर चाकात जाईल." ओळखत होतीस, यावरूनच मला कळायला हवं होतं की ही फिट नाही. तेवढी एक खूण होती आणि ती मला कळली नाही, कारण तू मला ओळखतेस याचंच मला बरं वाटत होतं.

आणखी थोडं राहिलं, तुझ्या अर्ध्याच्या पलीकडचं. फिट उतरताना आधी ओठ थांबायचे. मग हात. मग तू गाऊन झटकून चुण्या मोडायचीस, काय आहे ते न कळता. जांभई द्यायचीस. खोलीभर बघायचीस, आणि सगळ्यात शेवटी मी दिसायचे. मग चेहरा माणसाचा व्हायचा. तू दर वेळी तेच विचारायचीस, "बाई, तुम्ही कधी आलात?"

आणि मी दर वेळी म्हणायचे, "आत्ताच."

आत्ता नाही गं. मी पहिल्यापासून तिथंच असायचे.